वीतभर जिताडा

वसईच्या बाजारात मोठा मासा नगावर जातो, मध्यम किलोवर आणि बारीक वाट्यावर. वाटा म्हणजे कोळणीने आपल्या अंदाजाने लावलेला ढीग. पावसाळा नुकताच लागला होता, तेव्हा अशाच एका वाट्यात चार बोयटं, पाचसहा निवट्या आणि त्यांच्यावर आडवा पडलेला एक जिताडा दिसला. जेमतेम वीतभर. नीट वाढू दिला तर दोन हातांनी उचलावा लागणारा हा मासा, आणि इथे तो निवट्यांच्या पंगतीला.

"मावशी, हा अजून वाढला असता की."

"जाल्यात आला, दादा. मी काय चिठ्ठी धाडलेली त्याला?"

"मग सोडायचा परत."

"मी सोडीन, फुडचा धरील." मग माझ्या हाताकडे बघून, "घेनार का नुसतंच मोजनार?"

मी नुसतंच मोजत होतो, हे खरं. पण तिचा मुद्दा मला दिवसभर पुरला. एकट्याने मासा सोडण्यात शहाणपण नाही, कारण पुढच्या वळणावर दुसऱ्याचं जाळं आहे. सगळ्यांनी सोडायचा, तर सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी कुणीतरी ठरवून द्यावी लागते. जगभर माशांच्या लांबीचे कायदे झाले ते या एका अडचणीतून.

या कायद्यांचा सर्वात ओळखीचा नमुना अमेरिकेतला आहे. तिकडे लार्जमाउथ बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने धरणं हा लोकांचा सुटीतला आवडता उद्योग. टेक्सस राज्याचा सर्वसाधारण नियम असा, की १४ इंचांपेक्षा लहान बास घरी न्यायचा नाही आणि दिवसाला माणशी पाचच न्यायचे. त्याच राज्यातल्या लेक फोर्क या तलावात मात्र नियम उलटासुलटा वाटावा असा आहे. १६ इंचांच्या आतला बास खुशाल न्या, १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा पाण्यात परत सोडा, आणि २४ किंवा त्याहून मोठा दिवसाला फक्त एक. म्हणजे बारक्यांना मुभा आणि मधल्यांना अभय. तिथल्या लोकांनी हिशेब केला तो असा: बारके फार झाले की एकमेकांचं खाणं ओढतात, तेव्हा थोडे कमी झालेले बरे, मधले मात्र वीण घालणारे आणि उद्याचे दांडगे, त्यांना हात लावायचा नाही.

हा बास आपल्याकडे नाही. पण इंग्रजीत ज्याला एशियन सीबास म्हणतात, तो आपला जिताडाच. दोघांची कुळं वेगळी, नातं नावापुरतं. बंगालात जिताड्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. वसईच्या दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचं मुख, दोन्हींकडच्या मचूळ पाण्यात तो असतो. रायगडात पेण-अलिबागच्या खारेपाटात तर त्याची तळी राखली जातात, आणि सरकारी कचेरीतलं अडलेलं काम जिताड्याने सुटतं अशी तिकडची जुनी थट्टा आहे. अर्थात त्या कामाला वीतभर जिताडा चालत नसावा.

लांबीच्या आकड्यात एवढं काय असतं? आधी साधं गणित. मासा लांबीने दुप्पट होतो तेव्हा तो रुंदीने आणि जाडीनेही साधारण दुप्पट होतो, म्हणून वजन आठपटीच्या आसपास जातं. आज वीतभर धरलेला मासा दोन विती होऊन आला असता तर एका नगात आठ नगांचं मांस मिळालं असतं. हे झालं पोटाचं नुकसान. दुसरं नुकसान उशिरा कळतं: त्या माशाने एकदाही अंडी घातलेली नसतात किंवा फळवलेली नसतात. मुद्दलच खर्चून टाकावं तसं. म्हणून शास्त्रज्ञ बंदरावर उतरलेले मासे महिनोन्‌महिने चिरून बघतात, कोणत्या लांबीला किती मासे विणीला तयार झालेत याची नोंद ठेवतात. ज्या लांबीला निम्मे मासे तयार सापडतात, ती त्या जातीची वयात येण्याची लांबी. कायद्याचा आकडा तिच्या आजूबाजूला ठरवायचा असतो. कोळ्यांचा धंदाही चालायला हवा म्हणून पुष्कळदा त्यात थोडी घासाघीस होते.

देशात याची सुरुवात केरळने केली. २०१५ साली १४ जाती, २०१७ पर्यंत ५८. तेलकट तारली १० सेंटिमीटर, बांगडा १४ सेंटिमीटर, याच्या आत धरायचा नाही. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींची यादी जाहीर केली. शिफारस केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची. तिचं मुंबईचं केंद्र वर्सोव्याला आहे, वसईहून तासाभराच्या वाटेवर. सरकारी कागदात लांबी मिलिमीटरमध्ये आहे, पण बाजारात उभं राहून मिलिमीटर कोण मोजतो, म्हणून मी ती हातावर बसवून घेतली. सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, १३५ मिलिमीटर: मनगटापासून मधल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत. बोंबील १८०: वितीला दोन बोटं कमी. सुरमई ३७०: कोपरापासून मुठीपर्यंत. घोळ ७००, म्हणजे दीड हात. तुमचा हात माझ्यापेक्षा लहान असेल तर मासा थोडा मोठा घ्या, बिघडत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मागणी आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची होती. ज्या माशाच्या नावाने गाव ओळखलं जातं त्याची पिल्लं 'बेबी पापलेट' म्हणून हॉटेलांच्या ताटात जाताना त्या लोकांनी पाहिली होती. घोळीची गोष्ट तर त्याच जिल्ह्यातल्या मुरबे गावची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळी लागल्या आणि त्यांचे एक कोटी ३३ लाख रुपये आले. मांसाला भाव असतोच, पण खरी किंमत तिच्या पोटातल्या बोताची, म्हणजे तिला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीची. पूर्वेच्या देशांत तिला सोन्यासारखा भाव आहे, आणि बोत जेवढं मोठं तेवढा दर चढा. म्हणजे घोळीच्या बाबतीत लहान मासा न धरणं कोळ्याच्या स्वार्थाचंच आहे. (हीच घोळ पुढे गुजरातने आपला राज्यमासा म्हणून जाहीर केली. खाडी ओलांडली की माशाचं नागरिकत्व बदलतं.)

आता बोंबलाकडे या, कारण अर्नाळा, पाचूबंदर आणि वसई कोळीवाड्याची चूल त्याच्यावर पेटते. बोंबील धरायचा तो डोलीने. डोल ही भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं धरून उभी केलेली लांब पिशवी. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, मोठी, हत्ती जाईल एवढी म्हणतात. मागे सरकत जावं तशी बारीक होत होत खोल्याशी, म्हणजे पिशवीच्या शेवटाशी, इतकी बारीक की बोट शिरत नाही. डोल माशाच्या मागे धावत नाही. पाणी जे आणेल ते ती घेते. बोंबील आला, मांदेली आली, करंदी आली, आणि त्यात बोंबलाची पिल्लंही आली. खोला नावेत ओतेपर्यंत बोंबील मेलेला असतो. तो मासा म्हणजे नव्वद टक्क्यांच्या घरात पाणीच, त्याला दाब सोसत नाही. १८० मिलिमीटरचा नियम पाळायचा म्हणून मेलेली पिल्लं समुद्रात फेकली, तर कायदा पाळला जाईल, बोंबील वाढणार नाही.

लांबीचा कायदा नीट चालतो तो गळावर, ही इथली ग्यानबाची मेख आहे. गळाला एका वेळी एक मासा लागतो, तो जिवंत असतो, ओल्या हाताने धरून पट्टीवर आडवा ठेवता येतो आणि क्षणभरात परत सोडता येतो. पवईच्या तलावावर सुटीच्या दिवशी छत्री लावून बसणारी हौशी मंडळी हे करू शकतात. डोलकराला हे जमणार कसं? जाळ्यासाठी मोजपट्टी लावायची ती माशाला नाही, आसेला. आस मोठी असेल तर पिल्लू आत राहतच नाही. तिथेही एक बारकावा आहे. नेहमीची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते आणि जाळं ओढीत ताणलं की ती मिटते. मोजताना मोठी भरलेली आस पाण्यात फट होऊन बसते. म्हणून ट्रॉलच्या खोल्याला चौकोनी आस लावावी असं मत्स्यशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगतात. चौकोन ताणला तरी उघडा राहतो.

पण डोलीची आस वाढवा म्हटलं की अर्नाळ्याचा माणूस एका शब्दात उत्तर देतो: जवळा. जवळा पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटिमीटरचाच. तो कुणाचं पिल्लू नाही, तो म्हाताराही तेवढाच असतो. आस मोठी केली की उन्हाळ्याचं बेगमीचं जाळं रिकामं. ज्या खोल्यात जवळा राहतो त्यात बोंबलाचं पिल्लूही राहणार, आणि या दोघांना वेगळं करील असा आकडा कोणत्याही यादीत लिहिता येत नाही. तिथे लांबी सोडून वेळेचा विचार करावा लागतो: कोणत्या महिन्यात कोणत्या खोलीवर पिल्लं जास्त येतात, तेव्हा तिथे डोल न मारणं. ही माहिती कागदापेक्षा कोळीवाड्यात जास्त आहे. जिथे कुणाची डोल कुठे रोवायची यावर पिढ्यान्‌पिढ्या गावकीने न्याय केला, तिथे ती कधी रोवायची नाही हेही गावकीला ठरवता येईल असं मला वाटतं. यादी करणाऱ्यांनी तेवढं विचारलं पाहिजे.

पुन्हा जिताडा. त्याच्यासाठी मला लेक फोर्कच्या उलट्यासुलट्या नियमाची आठवण होते, कारण जिताडा हा मासाच उलटासुलटा आहे. जन्म खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाजणात, ओढ्यात, खारबांधाच्या उघाडीतून शेतात, जिथे मिळेल तिथे गोड्या पाण्यापर्यंत. सामन मासा करतो त्याच्या बरोबर उलट. गोड्या-मचुळ पाण्यात दोन-चार वर्षं काढून वयात आला की तो विणीसाठी पुन्हा मुखाकडे उतरतो. आणि खरी गंमत पुढे आहे. वयात येतो तेव्हा जिताडा नर असतो. जगला, वाढला, तर पुढे तोच मादी होतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या नोंदींप्रमाणे दीड ते अडीच किलोचे बहुतेक जिताडे नर आणि चार ते सहा किलोपर्यंत पोचलेले बहुतेक माद्या. म्हणजे लहानपणी नर, मोठेपणी आई.

आता यावर फक्त किमान लांबीचा नियम लावून बघा. बारका सोडला, छान. पण सगळ्यांची नजर, जाळी आणि पैसा मोठ्यावर गेला. मोठे म्हणजे नेमक्या माद्या. खाडीत नर उरतील भरपूर आणि अंडी घालायला कोणी नाही. शिवाय मासा जितका मोठा, तितकी अंडी वाढतात ती वजनाच्या प्रमाणाहून जास्त. जिताड्याची थोराड मादी एका हंगामात कोटीच्या घरात अंडी घालू शकते. ऑस्ट्रेलियात हे फार पूर्वी ओळखलं. क्वीन्सलंड राज्यात बॅरामंडी ५८ सेंटिमीटरच्या आतला धरायचा नाही आणि १२० च्या वरचाही धरायचा नाही. खाली एक रेघ, वर एक रेघ, मधला तेवढा आपला. त्याच्या जोडीला पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण तिकडची वीण त्या महिन्यांत. लेक फोर्कला मधला राखला, क्वीन्सलंडला दोन्ही टोकं राखली. माशाचं आयुष्य वेगळं, म्हणून रेघा वेगळ्या.

आपल्या यादीचं नावच 'किमान कायदेशीर आकारमान'. ५४ जातींचे सगळे आकडे तळाचे, वरची रेघ त्यात नाही. बांगड्याला ती नकोच. पण आधी नर आणि मग मादी होणाऱ्या माशाला ती नसेल तर अर्धाच नियम झाला.

आणि बंदी? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे, ती असावीही, कारण खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणाऱ्याने दोन महिने खायचं काय? मात्र जिताड्याच्या दृष्टीने पाहिलं तर समुद्र बंद आणि खाडी उघडी, आणि तो तर पावसाच्या त्या दिवसांत खाडीतच असतो. दर्यावरची बंदी त्याच्या डोक्यावरून जाते.

कायद्याचीही अशीच फाळणी आहे. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम समुद्रासाठी. तळी, नद्या, धरणं यांचा वंश वेगळा: १८९७ चा ब्रिटिशांचा मत्स्य कायदा आणि मग राज्याचा १९६० चा. १८९७ च्या कायद्याने सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारणं गुन्हा ठरवलं, जाळ्याचा प्रकार आणि आस ठरवायचे अधिकार सरकारला दिले, आणि गरज पडल्यास एखादं पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीला बंद ठेवायची सोयही केली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला आस कळत होती, हे विशेष. जिताडा मात्र आयुष्यात दोन्ही कायद्यांच्या हद्दीत राहून जातो आणि कोणालाच आपला वाटत नाही.

वसईतल्या गोड्या पाण्याची कहाणी आकड्यांत बसणारी नाही. इथे वाडीवाडीला बावखल होतं, पावसाचं पाणी साठवणारं लहानसं तळं, ज्याच्यावर केळीच्या आणि पानवेलीच्या बागा पोसल्या. बावखलात मरळ, शिंगटी असायचीच. इमारती उठल्या तशी बावखलं भरली गेली, उरल्यासुरल्यांत तिलापिया माजला. तिलापियाला किमान लांबी लावायची गरज नाही, उलट त्याचे बारके जेवढे काढाल तेवढे थोडे. लेक फोर्कची अर्धी युक्ती इथे आपोआप लागू पडते. मोठ्या तलावांत आणि धरणांत सोसायट्या ठेक्याने रोहू, कटला, मृगळ सोडतात. त्यांच्या बियाण्याची सरकारी नावं मला फार आवडतात: मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली. जिऱ्याएवढं, अर्ध्या बोटाएवढं, बोटाएवढं. मोजपट्टी कायद्यात यायच्या आधी भाषेत आली होती.

आणि मग वलगण. पहिल्या दमदार पावसाने ओहोळ फुगले की शेतांत, चरांत मासे चढतात. अंडी घालायला उथळ पाणी हवं म्हणून ते वर येतात, पोटं तट्ट भरलेली. रात्री बत्त्या, विजेऱ्या, पाग, आसू, जे हाताला येईल ते घेऊन माणसं बांधावर. शिवडे, मळ्ये, शिंगटी. घरात रात्री बाराला कालवणाचा वास. माझ्या लहानपणाच्या सुखाच्या आठवणींतली ही वरची आठवण आहे, आणि आज विचार केला तर यात पाळण्याजोगी लांबी कोणतीच नाही. चढणारा प्रत्येक मासा वयात आलेला, म्हणजे कायद्याच्या नजरेत पास. तरी प्रत्येक मासा नेमक्या त्या एका कामासाठी निघालेला. पूर्वी चर पुष्कळ होते आणि माणसं थोडी, दहा धरले तर शंभर वर निसटायचे. आता रस्त्याखाली एकच मोरी उरली असेल आणि तिच्या तोंडाशी पाच पाग उभे असतील, तर निसटणार कोण? मोरीचं तोंड मोकळं ठेवावं, कडेकडेने काय धरायचं ते धरावं, एवढा नियम गावाने केला तरी पुष्कळ. मी वलगणीवर बंदी मागणार नाही. मागितली तर आधी घरातलेच मला बाहेर काढतील.

तळ्यात जिताडा पाळणाऱ्यांसाठी दिलासा आहे. चेन्नईच्या मचूळ पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली जिताड्याची कृत्रिम वीण साधली, आणि आता बीज विकत मिळतं. खाडीतून बारीक जिताडे गोळा करून तळ्यात सोडायची जुनी पद्धत त्यामुळे सुटू शकते. पाळलेला जिताडा किलोभराचा झाला की विकावा, त्याला कुठलीच मोजपट्टी लावायचं कारण नाही. अडचण बाजारात येते. पाटीत पडल्यावर तळ्यातला कोणता आणि खाडीतला कोणता हे मासा सांगत नाही, विकणारी सांगते, आणि ती नेहमी खाडीतलाच म्हणते, कारण आपल्याला तेच ऐकायचं असतं.

हे सगळं डोक्यात घेऊन पुढच्या रविवारी पुन्हा त्याच मावशीकडे गेलो. वाट्यात बारका जिताडा नव्हता. मी मनातल्या मनात बरं म्हटलं. तिने थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडलं. बर्फाखाली एक जिताडा, पेटीत तिरका ठेवूनही शेपूट वर आलेली, पोट गोल. सहा किलोच्या खाली नसावा.

"ह्यो मोजा आता," ती म्हणाली. "पन तुमच्यासाटी नाय. ऑर्डरचा हाय."

"एवढा मोठा कुणी सांगितला?"

"मोठा नाय सांगितला." तिने अंगठ्याने माशाचं पोट हलकेच दाबून दाखवलं. "गाभोळीवाला सांगितला. त्येचं पैसं वरती."